केसपेपरात नसलेला थकवा

२८ ऑगस्ट २०२० रोजी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे पत्रकारांसमोर आले आणि आपण पद सोडत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. कारण जुनंच होतं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. औषधांनी सगळं शांत होतं आणि एखाद्या दिवशी पुन्हा उलटतं. शाळकरी वयापासून तो आबेंच्या मागे होता. जूनच्या नेहमीच्या तपासणीत त्याची चाहूल लागली, जुलैच्या मध्यापासून अंगातली ताकद आटत गेली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो उलटल्याचं नक्की झालं, असा क्रम त्यांनी स्वतःच सांगितला. अंगात पुरेसं बळ नसताना मोठे निर्णय घेणं बरं नव्हे, असा त्या बोलण्याचा रोख होता.

लोकांनी ते समजून घेतलं. २००७ च्या सप्टेंबरात मात्र हाच माणूस याच आजारामुळे याच पदावरून उतरला, तेव्हा त्याची थट्टा झाली होती. राजीनामा देताना आबेंनी आजाराचं नाव घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते केइओ विद्यापीठाच्या इस्पितळात दाखल झाले आणि ताण व थकवा यांमुळे पचनाचं तंत्र बिघडलं आहे, एवढंच डॉक्टरांकडून सांगण्यात आलं. थकवा! देशाचा पंतप्रधान थकला म्हणून घरी जातो? ‘पोटात दुखलं म्हणून खुर्ची सोडली’ ही टिंगल त्यांना पुढे कित्येक वर्षं पुरली. आजाराचं खरं नाव त्यांनी काही महिन्यांनी एका मासिकातल्या लेखात लिहिलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि त्याचा भाऊबंद क्रोन्स, या दोघांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. (आयबीएस हे प्रकरण वेगळं, त्यात आतड्याला अशी सूज नसते. शेवटच्या एका अक्षराच्या घोळात अनेकांचे महिने वाया जातात.) या आजारातल्या जखमा दुर्बिणीतून दिसतात, रक्त दिसतं, उतरलेलं वजन काट्यावर दिसतं. थकवा कशातच दिसत नाही.

मराठीत दमणं, शिणणं, थकणं, गळून जाणं यांच्या जागा ठरलेल्या आहेत. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेल्या बाईला शीण येतो आणि जेवून झोपली की पहाटेपर्यंत तो उतरतो. आयबीडीचा रुग्ण जे सांगतो ते गळून जाण्याच्या जवळचं आहे. रात्रभर झोप होऊनही सकाळी अंगातून कुणी सत्त्व काढून घेतल्यासारखं वाटतं, दोन वाक्यं वाचली की तिसरं डोक्यात शिरत नाही, आंघोळ हेच दिवसाचं मोठं काम होऊन बसतं. आजार भरात असताना दहांतले सातेक रुग्ण हे सांगतात. खरी गोम पुढे आहे. आजार शांत झाल्यावर, तपासण्या नीट आल्यावरही दहांतल्या चार-पाच जणांचा थकवा जात नाही. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट तर चांगले आहेत’ हे वाक्य शिक्षेसारखं ऐकू येतं. वैद्यकाला हा थकवा दिसायला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली.

या आजाराची एक फार जुनी नोंद खुनाच्या खटल्यातून आलेली आहे. १८५९ च्या मे महिन्यात लंडनजवळ रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स ही बेचाळिशीतली स्त्री कित्येक दिवसांच्या जुलाब-उलट्यांनी झिजून वारली. थॉमस स्मेथर्स्ट या डॉक्टरने पहिली बायको हयात असताना तिच्याशी लग्न लावलं होतं आणि तिने आपली मालमत्ता त्याच्या नावे केली होती. संशयाला आणखी काय हवं? विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना नमुन्यात आर्सेनिक सापडलं. खटल्यातच टेलर यांना कबूल करावं लागलं की चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतच आर्सेनिक होतं, तरीही स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा झाली. पुढे तो फाशीतून सुटला आणि दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याखाली वर्षभर तुरुंगात गेला. या सगळ्यात गाय्ज इस्पितळाच्या सॅम्युअल विल्क्स यांनी इझाबेलाचं आतडं तपासून, ते सूज आणि व्रणांनी भरलेलं असल्याचं लिहून ठेवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तकं इथून करतात, आणि ते बहुधा क्रोन्स असावं असं नंतरच्या काहींनी म्हटलं. बाईची शेवटच्या आठवड्यांतली कमालीची अशक्तता कोर्टात चर्चेला आली खरी, पण ती विषबाधेचं लक्षण म्हणून.

पन्नास वर्षांनी, १९०९ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर जमले आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळांतल्या तीनशेहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला गेला. त्यांतले जवळपास निम्मे दगावले होते. आतडं फुटणं, रक्तस्राव, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग ही कारणं होती. जिथे दोघांतला एक इस्पितळातून परत येत नाही, तिथे वाचलेल्याला ‘थकवा वाटतो का’ असं कोण विचारणार? यात डॉक्टरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. घर जळत असताना भिंतीच्या रंगाची चौकशी कुणी करत नाही.

पण थकवा ही तक्रार त्या काळी दुर्लक्षित होती असंही नाही, उलट तिची मोठी फॅशन होती. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज बिअर्ड यांनी न्यूरास्थेनिया हा शब्द रूढ केला. तारयंत्र, आगगाडी, व्यापार यांच्या धावपळीत माणसाच्या नसांमधली शक्ती संपते, असा त्यामागचा विचार. त्यावरचा नामांकित उपाय फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल यांचा. हे डॉक्टर अमेरिकी यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या नसांवर काम करून पुढे आलेले. १८७७ च्या ‘फॅट अँड ब्लड’ या पुस्तकात त्यांनी विश्रांतीचा इलाज मांडला. सहा-आठ आठवडे बिछान्यात पडून राहायचं, घरच्यांना भेटायचं नाही, दूध आणि भरपूर खाणं, मालीश, विजेचे सौम्य झटके. बायकांना वाचन-लेखनही बंद. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८८७ मध्ये हा इलाज भोगला आणि पाच वर्षांनी ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली. तिच्यातली बाई खोलीत कोंडून पडल्या पडल्या वेडी होते.

मिचेल यांच्या खोलीतल्या त्या बायकांपैकी किती जणी प्रत्यक्षात रक्तक्षयाच्या, क्षयाच्या किंवा आतड्याच्या आजाराच्या असतील, हे आता कोण सांगणार? पण दोन सवयी तिथून निघाल्या आणि आतड्याच्या रुग्णांपर्यंत पोचल्या. पहिली म्हणजे थकलेल्याला झोपवून ठेवणं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलायटिसच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे बिछान्यात ठेवणं हा उपचाराचा नेहमीचा भाग होता. लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बिछान्यात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. स्नायू झिजतात, हाडं पोकळ होतात, रक्ताच्या गाठी होतात, मन कोमेजतं, आणि हे सगळं डॉक्टरांच्या सांगण्यावरून, असा त्याचा सूर होता. थकव्यावरचं औषध थकवा वाढवत होतं.

दुसरी सवय अधिक चिवट निघाली. थकवा म्हणजे नसा, नसा म्हणजे मन, आणि मन म्हणजे रुग्णाचा स्वभाव. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या सेसिल मरे यांनी कोलायटिसच्या मोजक्या रुग्णांच्या कहाण्या तपासून, आजार उलटण्यामागे मानसिक कारणं असल्याचं मांडलं. पुढे शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० मध्ये मनोकायिक आजारांची यादी केली. दमा, अल्सर, रक्तदाब, संधिवात अशा सात आजारांत अल्सरेटिव्ह कोलायटिसही बसला. आईवर अवलंबून राहणारा, राग गिळणारा, दुबळा असा कोलायटिसचा ‘स्वभाव’ पाठ्यपुस्तकांत आला. आधीच थकलेल्या माणसाला आता थकव्याबद्दल बोलायचीही चोरी झाली. बोललं की स्वभावाचं निदान पक्कं होणार.

दरम्यान १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळातून बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ऑपेनहायमर यांनी १४ रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला होता. लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजून जाड होतं, असा हा आजार. लेखकांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागली आणि आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं. त्या रुग्णांवर ज्यांनी शस्त्रक्रिया केल्या त्या ए. ए. बर्ग यांनी आपलं नाव घालू दिलं असतं तर आज जग बर्ग्ज डिसीज म्हणालं असतं. क्रोन यांनी आधी आतड्याच्या शेवटच्या टोकावरून आजाराला ‘टर्मिनल’ म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला ते मरणाचं विशेषण वाटेल, असं एका सहकाऱ्याने सुचवल्यावर शब्द बदलला गेला.

१९५५ हे वर्ष या कथेत वळणाचं आहे. ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी कोलायटिसच्या २१० रुग्णांवर कॉर्टिझोनची चाचणी केली. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना खोटी गोळी. कॉर्टिझोनने मृत्यू लक्षणीय घटले. याच चाचणीतून एक तक्ता आला, जो आजही इस्पितळांत वापरला जातो. दिवसातून शौचाला किती वेळा, रक्त किती, ताप, नाडी, हिमोग्लोबिन, ईएसआर ही दाहाची रक्तचाचणी. सहा गोष्टी, आणि त्यावरून आजार सौम्य की तीव्र हे ठरवायचं. तक्ता उत्तम आहे, त्याने असंख्य जीव वाचवले. पण त्यात सातवा रकाना नव्हता. १९७६ मध्ये क्रोन्ससाठी अमेरिकेत जो निर्देशांक तयार झाला त्यात आठ बाबी होत्या. रुग्णाने सात दिवस रोज नोंद ठेवायची. ‘एकंदर कसं वाटतं’ याला शून्य ते चार गुण. सगळा थकवा, झोप, उदासी, कामावर न जाता येणं, हे त्या एका ओळीत कोंबलेलं. १९८७ चा कोलायटिसचा मेयो गुणांक तर शौच, रक्त, दुर्बीण आणि डॉक्टरचं मत यांवर थांबला.

केसपेपरावर जे लिहिलं जात नाही त्याचं औषध निघत नाही.

थकव्याकडे जाणारी पहिली पायवाट आतड्यातून न निघता रक्तातून निघाली, आणि तिचा एक टप्पा मुंबईत परळला आहे. लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक भयानक रक्तक्षय दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने नको इतक्या मोठ्या. हाफकिन संस्थेत काम करताना तिने या बायकांचा आहार, वस्ती, जंतुसंसर्ग सगळं तपासलं आणि उत्तर जेवणात आहे या निष्कर्षावर ती आली. माकडांवर प्रयोग केले. शेवटी ज्याने गुण आला ते होतं मार्माइट, दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून बनणारा, ब्रिटिश लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट लगदा. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अनोळखी घटकाला बराच काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तेच फोलिक अ‍ॅसिड.

ही गोष्ट आयबीडीच्या रुग्णाच्या गोळ्यांच्या डबीपर्यंत येते. ज्या काळात विल्स इंग्लंडला परतली होती त्या काळात स्टॉकहोममध्ये नाना स्वार्ट्झ ही डॉक्टर संधिवातासाठी सल्फासलाझिन तयार करून घेत होती. कोलायटिसच्या रुग्णांना त्याचा फायदा होतो हे तिने १९४२ मध्ये लिहिलं. ते औषध आजही दिलं जातं, आणि ते फोलिक अ‍ॅसिड शरीरात शोषलं जाण्यात अडथळा आणतं. आजार आटोक्यात येतो आणि रक्तक्षयाचा नवा रस्ता उघडतो. आणखी पुढे गंमत आहे. आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत काम करत होते. त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फोलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवलं, आणि त्याच चमूने त्याचा शत्रू, मेथोट्रेक्सेट, कर्करोगासाठी घडवलं. ते मेथोट्रेक्सेट १९९५ पासून क्रोन्सच्या उपचारातही आलं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि त्याला उतारा म्हणून फोलिक अ‍ॅसिड, असं प्रिस्क्रिप्शन हातात असलेला रुग्ण एकाच घरातले दोन भांडखोर भाऊ रोज सांभाळत असतो.

रक्ताची बाकीची गणितं नंतर सुटली. बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जातं ते लहान आतड्याच्या नेमक्या शेवटच्या टोकाला, म्हणजे क्रोन्सला जी जागा सर्वांत आवडते तिथेच. तो भाग सुजला किंवा शस्त्रक्रियेत काढला की बी-१२ घटतं. लोहाचं कोडं अधिक अवघड होतं. रुग्णाला लोहाच्या गोळ्या द्याव्यात तर हिमोग्लोबिन पुष्कळदा जागचं हलत नसे. २००० नंतर हेप्सिडिन हा यकृतातला संप्रेरक सापडला तेव्हा कारण कळलं. अंगात दाह असला की हेप्सिडिन वाढतं आणि ते लोहाची कवाडं बंद करतं. तोंडातून घेतलेलं लोह आतड्यातून आत येत नाही आणि साठ्यातलं लोह बाहेर निघत नाही. कोठार भरलेलं आणि चूल थंड. म्हणूनच आज युरोपातल्या मार्गदर्शिका सांगतात की आजार शांत असताना फेरिटिन, म्हणजे रक्तातलं लोहसाठ्याचं माप, ३० च्या खाली असलं तर लोह कमी समजावं, पण दाह चालू असेल तर १०० पर्यंतही कमीच समजावं. अशा वेळी लोह शिरेतून देण्याचा पर्याय असतो. नुसतं हिमोग्लोबिन बघून ‘ठीक आहे’ म्हणणारा डॉक्टर इथे चुकू शकतो.

दुसरी पायवाट गोठ्यातून आली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी हे ट्रिपॅनोसोम या परजीवीने पछाडलेली जनावरं खंगत का जातात, हे शोधत होते. जनावरांच्या अंगात जंतू तर फारसे नसत, मग मांस कुठे जातं? शरीरच काहीतरी सोडत असणार, असा त्यांचा कयास होता. त्या द्रव्याला त्यांनी कॅकेक्टिन म्हटलं, म्हणजे खंगवणारं. १९८५ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्यासोबत काम करताना कळलं की हे कॅकेक्टिन आणि गाठी मारणारं म्हणून आधीच माहीत असलेलं टीएनएफ हे एकच आहे. पुढे याच टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालं आणि या आजाराच्या उपचारांचं चित्र पालटलं.

कॅलिफोर्नियातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये आणखी एक साधी गोष्ट मांडली. आजारी जनावर खात नाही, कोपऱ्यात पडून राहतं, अंग चाटत नाही. हा बिघाड नाही, ही शरीराने आखलेली युक्ती आहे. शक्ती वाचवून ती ताप वाढवून जंतूंशी लढायला वापरायची. आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. रवंथ थांबला, कान पडले की तो बैलाला जुंपत नाही. हार्ट यांच्यानंतर संशोधकांनी दाखवलं की टीएनएफसारखी दाहाची द्रव्यं मेंदूपर्यंत निरोप पोचवतात आणि मेंदू शरीराला पडून राहायला लावतो. म्हणजे आयबीडीतला थकवा मनाचा दुबळेपणा नव्हता. अंगात धगधगणाऱ्या दाहाला मेंदूने दिलेलं ते उत्तर होतं. पण मग दाह विझल्यावरही जवळपास अर्ध्यांना थकवा का राहतो? झोप, उदासी, औषधं, झिजलेले स्नायू, आतड्यातले जिवाणू यांकडे बोटं दाखवली जातात. एका कारणावर बोट ठेवता आलेलं नाही.

डॉक्टर हे शोधत असताना रुग्ण थांबले नव्हते.

१९५१ मध्ये माउंट सायनायमध्येच, आतडं काढून पोटावर पिशवी लावलेल्या रुग्णांनी आपला क्लब काढला. त्याचं नाव ‘क्यूटी’, कारण ते क्यू आणि टी या वॉर्डांतले होते. पिशवी गळू नये म्हणून काय करावं, कुठले कपडे घालावेत, कामावर परतताना पहिल्या आठवड्यात काय झेपतं, हे एकमेकांना सांगणं हा त्याचा उद्योग. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचं टोक बाहेर उलटून शिवण्याची पद्धत मांडली आणि पिशवीचं जगणं पुष्कळ सुसह्य झालं. ब्रिटनमधली अशा रुग्णांची संघटना १९५६ मध्ये निघाली तेव्हा ब्रुकच तिचे अध्यक्ष झाले. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया हेच काम करत आली आहे, तिच्याकडे कर्करोगाचेही पुष्कळ रुग्ण येतात.

त्याच १९५६ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यावर क्रोन्समुळे आतडं अडल्याने वॉल्टर रीड इस्पितळात रातोरात शस्त्रक्रिया झाली. महिनाअखेरीस ते घरी गेले आणि नोव्हेंबरात निवडणूक जिंकले. क्रोन्सचं नाव घरोघरी पोचलं, पण कसं? नळ तुंबला, प्लंबर आला, नळ वाहू लागला, अशा धर्तीवर. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं गळालेल्या अंगाने नोकरी करणाऱ्यांच्या वाट्याला या गोष्टीतून आणखी एक टोमणा आला, अध्यक्षांना जमतं, तुला काय झालं?

रकाना शेवटी १९८९ मध्ये मिळाला. कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी ३२ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती बनवताना त्यांनी आधी रुग्णांनाच विचारलं की तुम्हाला कशाचा त्रास होतो, आणि प्रश्न त्या उत्तरांतून घडवले. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे शौचाचा. दुसरा मात्र थकव्याचा, गेल्या दोन आठवड्यांत दमून गळून गेल्याचा त्रास किती वेळा झाला? अगदी दुसऱ्या क्रमांकावर. औषधांच्या चाचण्यांत ही प्रश्नावली आली आणि थकव्याला आकडा मिळाला. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या परिचारिका-संशोधकांनी केवळ आयबीडीतल्या थकव्यासाठी वेगळं मापन प्रसिद्ध केलं. हे काम परिचारिकांनी केलं यात नवल नाही. ‘काल भाजी चिरताना हात गळून गेला’ हे रुग्ण डॉक्टरला सांगत नाही, सिस्टरला सांगतो.

मापन आलं, औषध आलं नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या पाहणीत थकव्यावरच्या १४ चाचण्या, ३,७४१ रुग्ण तपासले गेले. औषधं, व्यायाम, समुपदेशन, अ‍ॅक्युपंक्चर, सगळं होतं. ठामपणे हे करा म्हणावं असं त्यातून काही निघालं नाही. २०२१ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुसमधून एक आशेचं चिन्ह आलं. आजार शांत पण थकवा जुनाट अशा ४० जणांना चार आठवडे थायमिनचे, म्हणजे बी-१ चे, मोठे डोस दिले तेव्हा खोट्या गोळीपेक्षा थकवा बराच कमी झाला. पण तो फायदा नंतर कमी डोसवर टिकवता आला नाही. चाळीस माणसांच्या चाचणीवरून कुणी केमिस्टकडे धाव घेऊ नये, पण वैद्यक या प्रश्नाशी खरोखर झटू लागलं आहे, एवढं त्यातून दिसतं.

तोवर रुग्णांनी आपली पद्धत शोधलेली होती, आणि ती आली ल्युपस या वेगळ्याच आजाराच्या रुग्णाकडून. अमेरिकेतल्या ख्रिस्टीन मिझरँडिनोने २००३ मध्ये लिहिलं की एका खानावळीत मैत्रिणीने तिला विचारलं, आजारी असणं कसं वाटतं? तिने टेबलांवरचे चमचे गोळा करून मैत्रिणीच्या हातात दिले. बारा चमचे. उठायला एक, आंघोळीला एक, कपडे घालायला एक. चमचे संपले की दिवस संपला. आयबीडीच्या रुग्णांनी ही भाषा उचलली आणि आज जगभरातले दीर्घ आजारी स्वतःला ‘स्पूनी’ म्हणवतात. मराठवाड्यातल्या घराला हा हिशेब शिकवायला चमचे लागत नाहीत. टँकर आला की पिंप भरायचं, मग प्यायला किती, स्वयंपाकाला किती, धुण्याचं पाणी कशाला वापरायचं, पुढचा टँकर कधी, हे बाई डोक्यात मांडून ठेवते. रुग्ण तेच आपल्या ताकदीचं करतो. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी बाजार नाही. सकाळी अंगात बळ असतं म्हणून अवघड काम सकाळी. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळं उरकायचं नाही, कारण पुढचे तीन दिवस त्याचे पैसे वसूल करतात. आणि पूर्ण झोपूनही राहायचं नाही, अ‍ॅशर यांचा इशारा अजून खराच आहे. झेपेल तेवढं रोजचं चालणं ठेवायचं.

महाराष्ट्रात या आजाराच्या वाटेत एक जास्तीचा खड्डा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांत ताप, वजन घटणं, गळून जाणं सारखंच, आतड्याची जागाही तीच, आणि दुर्बिणीतूनही पुष्कळदा फरक कळत नाही. त्यामुळे अनेकांना आधी टीबीचा कोर्स, म्हणजे एकेटी, सुरू होतो आणि गुण येत नाही म्हटल्यावर क्रोन्सचं निदान होतं. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी ५१,९१० लोकांची घरोघर पाहणी करून २००३ मध्ये दाखवलं की लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. हा साहेबांचा आजार, आपल्याकडे नसतो, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. कायद्याच्या कागदावर मात्र अजून या रुग्णाला जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, थॅलेसेमिया आणि सिकलसेलसुद्धा आहेत, आयबीडी नाही. बदलापूरहून लोकलने येणाऱ्या, मधल्या स्टेशनवर शौचालय शोधत उतरणाऱ्या, आणि ऑफिसात पोचेपर्यंत दिवसाची निम्मी ताकद खर्च झालेल्या माणसाला सवलत मागायची तर ती साहेबाच्या मर्जीवर.

हा आजार घरात असेल तर पुढच्या तपासणीच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहून न्या. सकाळी उठल्यावर किती गळून गेल्यासारखं वाटतं, दिवसाच्या कुठल्या वेळी अंग साथ देतं, या महिन्यात कुठलं काम सोडून द्यावं लागलं, झोप कशी आहे. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन आणि बी-१२ शेवटचं कधी तपासलं ते विचारा. डॉक्टर ‘दिवसातून किती वेळा’ विचारतील, त्याचं उत्तर द्या, आणि ते पेन खाली ठेवायच्या आत थकव्याचं सांगा. केसपेपरावर लिहून घ्या म्हणावं.